वेळेवर आलेले उत्तर

वर्गात ‘चांगला संगणक कोणता?’ असा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले ‘जो वेगाने काम करतो तो’ असे उत्तर देतील. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. कसे ते एका उदाहरणाने पाहू.

मोटारीतील एअरबॅग घ्या. गाडीची समोरून धडक झाली, की सेकंदाच्या काही शतांश भागात ही पिशवी फुगलेली असावी लागते. चालकाचे डोके चाकावर आपटल्यानंतर पिशवी फुगली, तर तिचा काय उपयोग? आणि साध्या खड्ड्यातून गाडी जाताना ती फुगली, तर तीच अपघाताला कारण होईल. धडक ओळखून पिशवी फुगवायची की नाही हे ठरवणारा संगणक अगदी लहान असतो. आपल्या टेबलावरचा संगणक त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान असेल. पण टेबलावरचा संगणक अधूनमधून क्षणभर ‘अडकतो’, तेव्हा आपण फक्त त्रासतो. एअरबॅगच्या संगणकाला तसे अडकण्याची मुभा नाही.

ज्या व्यवस्थेत उत्तर बरोबर असणे पुरेसे नसते, ते ठरलेल्या मुदतीत येणेही तितकेच आवश्यक असते, तिला रिअल टाइम किंवा वास्तवकालीन व्यवस्था म्हणतात. उशिरा आलेले बरोबर उत्तर येथे चूकच धरले जाते. विमानाचे नियंत्रण, हृदयाचे ठोके राखणारा पेसमेकर, कारखान्यातील यंत्रमानव, अवकाशयान या सगळ्या ठिकाणी हाच नियम असतो. मुदत चुकली तर अनर्थ होतो, अशा मुदतीला कठोर मुदत म्हणू. दूरध्वनीवरील आवाज क्षणभर तुटला तर चालते. ती सौम्य मुदत.

येथे वेग महत्त्वाचा नाही असे नाही, पण त्याहून महत्त्वाची आहे खात्री. ‘बहुधा वेळेत होईल’ हे वाक्य येथे चालत नाही. ‘कोणत्याही परिस्थितीत वेळेत होईल’ असे आधीच सिद्ध करून दाखवावे लागते. ही सिद्धता इतकी अवघड का ठरते, ते आता पाहू.

एकच शिपाई, अनेक हुकूम

संगणकाचा प्रोसेसर एका वेळी एकच काम करतो. कामे मात्र अनेक असतात. कोणते काम आधी, कोणते नंतर, चालू काम मध्येच थांबवायचे की नाही, हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली म्हणतात.

आपल्या शाळेतलेच उदाहरण घेऊ. शाळेत एकच शिपाईमामा आहेत. मुख्याध्यापक, शिक्षक, कारकून सगळे त्यांना कामे सांगतात. मामा हे आपले प्रोसेसर. कोणाचे काम आधी करायचे याचा नियम म्हणजे कार्यप्रणाली. आल्या क्रमाने कामे केली तर मुख्याध्यापकांचे तातडीचे पत्र फळे पुसण्याच्या मागे अडकेल. प्रत्येकाला पाच-पाच मिनिटे दिली तर न्याय होईल, पण शाळेची घंटा वेळेवर होणार नाही. म्हणून वास्तवकालीन कार्यप्रणालीत प्रत्येक कामाला प्राधान्य दिलेले असते. वरच्या प्राधान्याचे काम आले, की खालचे काम आहे तेथे थांबवून मामांनी तिकडे जायचे. ते संपले, की पुन्हा जुन्या कामाकडे.

नियम साधा आहे. या साध्या नियमाने एकदा चंद्रावरची मोहीम वाचवली.

चंद्रावर उतरताना

२० जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचे यान चंद्राकडे उतरत होते. यानातील संगणकाची बदलती माहिती साठवण्याची स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. उतरताना या संगणकाने अचानक ‘१२०२’ ही धोक्याची सूचना दाखवली. थोड्या वेळाने ‘१२०१’ आली. अशा सूचना एकूण पाच वेळा आल्या.

त्यांचा अर्थ असा होता, की कामे इतकी झाली आहेत की नव्या कामासाठी स्मृतीत जागा उरलेली नाही. कारण नंतर कळले. या टप्प्यावर गरज नसलेल्या एका रडारकडून संगणकाला निरर्थक स्पंद मिळत होते आणि ते मोजण्यात त्याचा सुमारे १३ ते १५ टक्के वेळ वाया जात होता.

येथे साधा संगणक बंद पडला असता. पण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅल लॅनिंग यांनी रचलेली त्याची कार्यप्रणाली प्राधान्यावर चालत होती. जागा संपताच ती सगळी कामे टाकून स्वतःला पुन्हा सुरू करी आणि आवश्यक कामे जेथे थांबली होती तेथून उचलून घेई. यानाची दिशा आणि इंजिन सांभाळणे चालू राहिले. पडद्यावर आकडे दाखवण्यासारखी कामे गळाली. ह्यूस्टनमधील नियंत्रण कक्षात जॅक गारमन यांनी आधीच्या सरावानंतर अशा सूचनांची यादी करून ठेवली होती. तिच्या आधारे स्टीव्ह बेल्स यांनी काही सेकंदांत ‘पुढे चला’ असा निर्णय दिला. यान सुखरूप उतरले.

यातून एक गोष्ट शिकायची. कामे पेलण्यापलीकडे गेली, तर कोणते काम सोडायचे हे आधीच ठरलेले असले पाहिजे. संकटाच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

फळ्यावर करण्याजोगे गणित

पण प्राधान्ये द्यायची कोणत्या हिशोबाने? १९७३ साली सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी एका शोधनिबंधात या प्रश्नाचे गणिती उत्तर दिले. लेलँड अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे जेपीएल, या संस्थेत काम करत होते. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

समजा, दोन कामे आहेत. काम ‘अ’ दर ५ मिलिसेकंदांनी येते आणि त्याला २ मिलिसेकंद लागतात. काम ‘ब’ दर ७ मिलिसेकंदांनी येते आणि त्याला ४ लागतात. प्रत्येक काम पुन्हा येण्याच्या आत संपले पाहिजे, ही मुदत. प्रोसेसरवरचा भार किती? २/५ अधिक ४/७, म्हणजे ३४/३५, सुमारे ९७ टक्के. शंभराच्या आत आहे, म्हणजे वेळ पुरायला हवा.

आता ‘अ’ला कायमचे वरचे प्राधान्य देऊन पाहू. ० ते २ ‘अ’ चालेल, २ ते ५ ‘ब’ चालेल. पाचव्या मिलिसेकंदाला ‘अ’ पुन्हा येईल आणि ७ पर्यंत चालेल. सातव्याला ‘ब’ची मुदत संपली, पण त्याचे ३ मिलिसेकंदांचेच काम झाले आहे. मुदत चुकली. मग ‘ब’ला वरचे प्राधान्य द्यावे? ० ते ४ ‘ब’, ४ ते ६ ‘अ’. पण ‘अ’ची मुदत ५ लाच संपली होती. हेही जमत नाही.

आता प्राधान्य कायमचे न ठेवता ‘ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी’ असा नियम लावू. पाचव्या मिलिसेकंदाला ‘ब’ची मुदत ७ आहे आणि नव्या ‘अ’ची १०. म्हणून ‘ब’ चालू राहील आणि ६ ला संपेल. मग ६ ते ८ ‘अ’. असे ३५ पर्यंत मांडत गेल्यास एकही मुदत चुकत नाही आणि शेवटचा एक मिलिसेकंद मोकळा राहतो. वहीत ३५ चौकटींची पट्टी आखून मुलांनी हे जरूर करून पाहावे.

लिऊ आणि लेलँड यांनी सिद्ध केले, की ‘आधीची मुदत आधी’ या नियमाने भार १०० टक्क्यांपर्यंत गेला तरी मुदती पाळता येतात. कायमचे प्राधान्य द्यायचे असेल, तर जे काम वारंवार येते त्याला वरचे स्थान द्यावे, यापेक्षा चांगली कायम वाटणी नाही. मात्र तेव्हा निर्धोक हमी कमी भारापुरतीच मिळते. दोन कामे असतील तर सुमारे ८२.८ टक्के, तीन असतील तर ७८ टक्के, आणि कामे कितीही वाढली तरी ६९.३ टक्के. त्याहून अधिक भार असला तर कामे कधी जमतात, कधी जमत नाहीत. प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते.

मग उद्योगात सगळीकडे पहिलाच नियम का वापरत नाहीत? कारण अपोलोच्या गोष्टीत आहे. भार शंभरावर गेला, तर ‘आधीची मुदत आधी’ या नियमात कोणते काम बुडेल हे आधी सांगता येत नाही. एकाचा उशीर दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला लागत जातो. कायम प्राधान्यात सर्वांत खालचे काम आधी बुडते आणि वरचे सुरक्षित राहते. म्हणून थोडी क्षमता वाया गेली तरी अभियंते बहुधा कायम प्राधान्य पत्करतात.

पण या सुंदर गणितामागे काही गृहीतके आहेत. कामे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो हे माहीत आहे. आणि प्रोसेसर एकच आहे. आजच्या संशोधनातल्या बहुतेक अडचणी यातले एकेक गृहीतक मोडल्यामुळे उभ्या राहिल्या आहेत.

पहिले गृहीतक: मंगळावर मोडलेले

४ जुलै १९९७ रोजी ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले. त्याने सोजर्नर ही छोटी गाडी बरोबर नेली होती. यान जेपीएलने बांधले होते. त्यावर व्हीएक्सवर्क्स नावाची वास्तवकालीन कार्यप्रणाली चालत होती. उतरल्यानंतर काही दिवसांतच यानाचा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. पृथ्वीवरून पाठवलेला संदेश पोचायला तेव्हा दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. यंत्राजवळ जाऊन पाहणे तर शक्यच नव्हते.

काय घडत होते ते समजण्यासाठी आपल्या शिपाईमामांकडे परत जाऊ. मामांनी एका रिकाम्या वेळी कपाटातल्या फायली जमिनीवर काढून लावायला घेतल्या. हे सर्वांत खालच्या प्राधान्याचे काम. इतक्यात मुख्याध्यापकांना त्याच कपाटातली एक फाइल हवी झाली. पसारा आवरल्याशिवाय ती सापडणार नाही, म्हणून ते थांबले. तेवढ्यात एका शिक्षकांनी मामांना सांगितले, ‘मामा, सभागृहात खुर्च्या मांडा.’ नियमाप्रमाणे खुर्च्यांचे काम फायली आवरण्यापेक्षा वरचे. मामा खुर्च्या मांडायला गेले. मग दुसऱ्या शिक्षकांचे काम, मग तिसऱ्यांचे. प्रत्येक वेळी नियम पाळला गेला, आणि तरी शाळेतील सर्वांत महत्त्वाचे काम खुर्च्यांमागे अडकून राहिले. याला प्राधान्याची उलटापालट म्हणतात.

पाथफाइंडरवर कपाटाच्या जागी माहितीची देवाणघेवाण करण्याचे एक सामाईक साधन होते. एका वेळी एकाच कामाने ते वापरावे, म्हणून त्याला एक प्रकारचे कुलूप होते. खालच्या प्राधान्याचे हवामान नोंदवण्याचे काम हे कुलूप लावून बसे. मधल्या प्राधान्याची कामे येऊन त्याला थांबवीत. यानातील माहिती वाटणारे वरच्या प्राधान्याचे काम कुलूप उघडण्याची वाट पाहत राही. त्याच्याही वरचे एक काम सेकंदाला आठ वेळा सर्व ठीक आहे का ते तपासत असे. वाटपाचे काम संपलेले नाही असे दिसताच ते ‘काहीतरी गंभीर बिघडले’ असे समजून संगणक पुन्हा सुरू करी.

येथे लिऊ आणि लेलँड यांचे पहिले गृहीतक मोडले होते. कामे स्वतंत्र नव्हती. कुलपाने एकमेकांत अडकली होती.

उपाय माहीत होता. १९९० साली लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोझ्की यांनी तो एका शोधनिबंधात नीट मांडला होता. मुख्याध्यापक फाइलसाठी थांबले आहेत ना? मग ती फाइल मिळेपर्यंत फायली आवरणे हे मुख्याध्यापकांचेच काम समजावे. म्हणजे खुर्च्यांसाठी मामांना कोणी नेणार नाही. कपाट आवरले, फाइल मिळाली, की ते काम पुन्हा खालच्या पायरीवर. याला प्राधान्याचा वारसा म्हणतात. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीही, पण त्या विशिष्ट कुलपासाठी ती बंद ठेवलेली होती.

जेपीएलच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेतील यानाच्या जुळ्या प्रतिकृतीवर तीच परिस्थिती निर्माण करून पाहिली. कोणते काम केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले याची नोंद ठेवण्याची सोय त्यांनी प्रोग्रॅममधून काढून टाकली नव्हती, म्हणून दोष सापडला. मग पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून ती सोय सुरू करण्यात आली आणि संगणकाचे असे बंद पडणे थांबले. तीस दिवसांसाठी योजलेले हे यान २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत माहिती पाठवत होते.

उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हा दोष क्वचित दिसला होता, पण पुन्हा घडवता न आल्याने मागे राहिला. शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट आहे. एकदाच दिसलेली विसंगती ‘काहीतरी झाले असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

दुसरे गृहीतक: कामाला किती वेळ लागतो?

दहावीच्या परीक्षेला जाणारा विद्यार्थी एसटीने सरासरी चाळीस मिनिटे लागतात म्हणून चाळीस मिनिटे आधी निघत नाही. रस्ता बंद असला, गाडी चुकली, तर किती वेळ लागेल याचा विचार करून तो निघतो. वास्तवकालीन व्यवस्थेतही सरासरी वेळ उपयोगाची नाही. वाईटात वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल, ते हवे.

जुन्या साध्या प्रोसेसरवर हे मोजता येई. सूचना मोजल्या, प्रत्येकीचा वेळ ठरलेला, बेरीज केली. आधुनिक प्रोसेसर मात्र सरासरी वेग वाढवण्यासाठी बनवलेले असतात. नुकतीच वापरलेली माहिती ते जवळच्या छोट्या आणि जलद स्मृतीत ठेवतात. तिला कॅश म्हणतात. हवी ती माहिती कॅशमध्ये असली, तर ती चटकन मिळते. नसली, तर मुख्य स्मृतीतून आणायला कित्येक पट वेळ लागतो. आधी कोणते काम चालले होते यावर हे अवलंबून असते. म्हणजे तीच सूचना, तोच प्रोसेसर, पण वेळ दर वेळी वेगळा.

हजार वेळा चालवून सर्वांत मोठा वेळ मोजला तर? कदाचित एक हजार एकाव्या वेळी त्याहून मोठा निघेल. कागदावर विश्लेषण करून वरची मर्यादा काढली तर? ती खरी असते, पण सुरक्षिततेसाठी इतकी फुगवावी लागते, की प्रोसेसर बराच वेळ रिकामा बसतो. खात्री आणि काटकसर यांची ही ओढाताण अजून संपलेली नाही. वेगवान प्रोसेसर घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असे येथे होत नाही. उलट कधीकधी तो वाढतो.

तिसरे गृहीतक: प्रोसेसर एकच

आज एकाच चिपवर अनेक प्रोसेसर असतात. त्यांना गाभे म्हणतात. दोन शिपाई आले, आता कामे सहज होतील, असे वाटते. पण १९७८ साली सुदर्शन धल्ल आणि लिऊ यांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली.

दोन प्रोसेसर घ्या. दोन लहान कामे दर २० मिलिसेकंदांनी येतात. प्रत्येकाला २ मिलिसेकंद लागतात. तिसरे मोठे काम दर २२ मिलिसेकंदांनी येते. त्याला २१ लागतात. एकूण भार सुमारे १.१५, म्हणजे दोन प्रोसेसरांच्या क्षमतेच्या साठ टक्क्यांहूनही कमी. ‘आधीची मुदत आधी’ हा नियम लावला, तर पहिले दोन मिलिसेकंद दोन्ही प्रोसेसर लहान कामांत गुंततात. मोठे काम २ ला सुरू होऊन २३ ला संपते. मुदत २२ ची होती! एका प्रोसेसरवर जो नियम सर्वोत्तम, तो दोघांवर फसला. लहान कामे एका प्रोसेसरला आणि मोठे दुसऱ्याला वाटून दिले, तर मात्र सर्व जमते. पण कामे शेकडो असली, की ही वाटणी करणे हे स्वतःच अतिशय अवघड गणित होते.

शिवाय हे गाभे मुख्य स्मृती आणि तिकडे जाणारा मार्ग सामाईक वापरतात. एका गाभ्यावरच्या कामामुळे दुसऱ्यावरचे काम मंदावते. दुसरे गृहीतक येथे आणखी ढासळते.

कारखान्यातील अडचणी

संशोधक सिद्धता शोधतात. उद्योगाला त्याबरोबर खर्चही सांभाळावा लागतो. मोटारीत लहान संगणक डझनांनी असतात. प्रत्येकात थोडी जास्त स्मृती घातली, तरी लाखो गाड्यांमागे मोठी रक्कम होते. म्हणून कार्यप्रणाली अगदी आटोपशीर हवी. विमानात वापरायच्या प्रोग्रॅमला डीओ-१७८ या मानकाप्रमाणे कसून तपासणी द्यावी लागते. त्यात लहानसा बदल केला तरी बरीचशी तपासणी पुन्हा करावी लागते. त्यामुळे सुधारणा सावकाश होतात.

दोन दिशांनी प्रगती झाली आहे. सर्वत्र वापरली जाणारी लिनक्स कार्यप्रणाली वास्तवकालीन करण्याचे काम सुमारे वीस वर्षे चालले होते. त्याचा शेवटचा मोठा भाग २०२४ साली मुख्य लिनक्समध्ये समाविष्ट झाला. पण लिनक्स प्रचंड असल्याने तिच्याबद्दल कठोर मुदतीची गणिती सिद्धता देणे कठीण आहे. याउलट ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एसईएल-फोर ही सुमारे ८,७०० ओळींची छोटी कार्यप्रणाली रचली. ती आपल्या व्याख्येप्रमाणेच वागते याची गणिती सिद्धता त्यांनी २००९ साली पूर्ण केली. सिद्धता सुमारे दोन लाख ओळींची झाली. खात्रीची किंमत किती असते, ते यावरून लक्षात येते.

वर्गासाठी

हा विषय शिकवायला संगणकाची गरज नाही. एका विद्यार्थ्याला प्रोसेसर करावे. तिघांच्या हातात ‘वरचे’, ‘मधले’ आणि ‘खालचे’ अशी कामांची चिठ्ठी द्यावी. एक डस्टर हे कुलूप. ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ कामाला डस्टर लागतो, ‘मधल्या’ला लागत नाही. बाकीच्यांनी टाळी वाजवून मिलिसेकंद मोजावेत. प्रथम साध्या प्राधान्याने खेळ करावा आणि ‘वरचे’ काम किती टाळ्या थांबले ते फळ्यावर लिहावे. मग वारशाचा नियम लावून पुन्हा करावा. शेवटी मुलांना विचारावे: ‘मधली’ कामे वाढवत गेलो, तर पहिल्या खेळात ‘वरच्या’ला जास्तीत जास्त किती थांबावे लागेल? दुसऱ्या खेळात किती?

पहिल्या प्रश्नाला मर्यादा सापडत नाही, दुसऱ्याला सापडते. ही सापडलेली मर्यादा म्हणजेच वास्तवकालीन व्यवस्थेतील खात्री.